रिकाम्या खाचेतला मोजा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडून निघालेला मामांच्या क्लॅरिनेटचा बॉक्स भावोजींनी काल संध्याकाळी सुखरूप आणून दिला. आधी मी टेबल पुसलं, मग हात साबणाने धुतले, मग टेबल पुसताना हात खराब झाले असतील म्हणून पुन्हा धुतले आणि मग बॉक्स उघडला. हस, हस. घड्याळाच्या दुकानात बसून बसून माझं असं झालंय, की आधीपासूनच असा होतो म्हणून मला घड्याळवाल्यांनी ठेवून घेतलं, हे तुलाच माहीत.

ताई, काय वस्तू आहे! लाकूड काळंभोर, चाव्या जरा पिवळ्या पडल्यात, पण एकही वाकलेली नाही. फक्त एकच घोटाळा आहे. त्यावर कुठेही, काहीही लिहिलेलं नाही. मी डोळ्याला भिंग लावून वरपासून खालपर्यंत पाहिलं. करणाऱ्याचं नाव नाही, आकडा नाही, अक्षर नाही. घड्याळ कितीही भिकार असलं तरी त्याच्या पोटात एखादा आकडा असतो. हे वाद्य म्हणजे बिनबारशाचं पोर आहे.

आणि त्याची पट्टी कोणती, नेमकं तेच मला कळायला हवं. तू गातेस, म्हणून तुला पट्टी म्हणजे काय हे सांगायला नको. पण क्लॅरिनेटची गंमत अशी की दिसायला सगळे सारखे, बोटं सगळ्यांवर सारखी, सूर मात्र वेगळे. अंगठा आणि डाव्या हाताची तीन बोटं झाकली की जो सूर येतो, त्याला मी तीन बोटांचा सूर म्हणतो. तो एका क्लॅरिनेटमधून पेटीवरची काळी पाच येतो, दुसऱ्यातून तिच्या डावीकडची पांढरी सहा. आपल्या गावच्या बँडमध्ये सगळे क्लॅरिनेट काळी पाचचे. त्यात पांढरी सहावाला एक जरी बसला, तर सगळ्यांच्या खाली अर्धा सूर रडत राहील.

आता मुख्य बातमी. आधीच्या पत्रात लिहिलं होतं तसं नानांची खुर्ची खरंच रिकामी होतेय. नाना म्हणजे बँडमधले सगळ्यांत जुने, मामांच्या वेळचे. त्यांचे पुढचे दात गेले आणि नवी कवळी लावून फुंकलं की वाद्याच्या आधी कवळीच शिट्टी वाजवते. बँडमास्तरांनी आम्हा संध्याकाळच्या वर्गातल्या पोरांना सांगितलंय की मार्चच्या पहिल्या रविवारी परीक्षा. वर्गाची वाद्यं वर्गातच राहणार. खुर्ची हवी त्याने स्वतःचा क्लॅरिनेट आणायचा, आणि तो काळी पाचचाच हवा. छापखानेवाल्याच्या मुलाकडे नवाकोरा आहे. माझ्याकडे कालपर्यंत झाडूचा दांडा होता, बोटं फिरवायला.

बँड सध्या दौऱ्यावर गेलाय आणि वर्गाची वाद्यं कपाटात कुलूपबंद आहेत, त्यामुळे ताडून बघायला काही नाही. तेव्हा मामांनाच विचार ना, पट्टी कोणती ते. ऐकू येत नसलं तरी बँडचं नाव काढलेलं त्यांना बरोबर कळतं आणि ते उठून जातात, हे ठाऊक आहे. पण पाटीवर लिहून पुढे धरलीस तर वाचावंच लागेल.

आणखी एक शंका. बॉक्समध्ये मखमलीच्या खाचा दोन वाद्यांच्या आहेत. एका वाद्याचे तुकडे जागच्या जागी बसलेत. दुसऱ्याच्या खाचा रिकाम्या, जराशा आखूडही, आणि त्यांत तपकिरी लोकरीचा एक मोजा कोंबलेला आहे. तो ठेवायचा की काढायचा?

लोभ आहे तेवढा ठेव. कमी केलास तर मला कळेल, मी मोजतो.

तुझा,
चिमट्या


९ फेब्रुवारी

चि. चिमट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझे भावोजी म्हणाले की याने पत्र लिहिण्याआधीही हात धुतले असणार, कारण एकाही काना-मात्रेवर डाग नाही.

मामांची हकीकत ऐक. मी पाटीवर लिहिलं की क्लॅरिनेटची पट्टी कोणती. त्यांनी वाचलं, बाहीने पाटी पुसली आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं मी. जेवताना पुन्हा पाटी पुढे केली. तेव्हा खडू माझ्या हातातून ओढून घेऊन लिहिलं, वाजवून बघ म्हणावं. झालं. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढं उत्तर. गिरणीच्या मागांनी कान नेले आणि उरलेलं बोलणं यांनी स्वतःच नेलं.

पण एक सांगते, हे तुला भावोजींनी सांगितलं नसेल. बॉक्स मी मागितला नव्हता. नानांची खुर्ची रिकामी होणार, असं तू त्याआधीच्या पत्रात लिहिलं होतंस ना, ते मी त्यांना वाचायला दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाटेखाली पालथे पडून काहीतरी ओढत होते. मला वाटलं पडलेच. तर हा बॉक्स. फडक्याने पुसून भावोजींच्या हातात दिला आणि तुझ्या गावाच्या दिशेने बोट दाखवलं. तेव्हा कोड्यात पडू नकोस. त्यांना जे म्हणायचं होतं ते म्हणून झालंय.

आईबाबा गेल्यावर आपण दोघं त्यांच्याकडे आलो, त्याच आठवड्यात त्यांनी बँड सोडला आणि गिरणी धरली. तू तेव्हा एवढासा होतास. त्याआधी कधी त्यांच्याकडे गेले की मला त्या बॉक्सवर बसवून ते वाजवायचे, एवढं अंधुक आठवतं. शेजारी आणखी कुणीतरी असायचं, सारखं माझ्या वेण्या ओढणारं.

पट्टीचं म्हणशील तर तुझ्या खोलीत आईची पेटी आहे की! काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन बोटांचा सूर धर आणि पेटीवर शोध.

मोजा काढू नकोस. वाद्य हलेल. त्याचा जोडीदार इथे मामांच्या खणात एकटाच पडलाय, इतकी वर्षं मी त्याला फेकायला निघते आणि ते परत आणून ठेवतात.

पत्र लवकर लिही. नाहीतर मी लोभाला कुलूप लावीन.

ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काळी पाच! काळी पाच! काळी पाच!

हे पत्र जरा तिरकं गेलं तर माफ कर, उभ्यानेच लिहितोय. आज सकाळी उजेडात बसून सगळं रीतसर केलं. तोंडाशी बसते ती बोरूची पातळ रीड चिमट्याने उचलून पाण्यात भिजवली, वाद्य हातात धरून गरम होऊ दिलं, कारण थंड लाकूड खालचा सूर देतं. मग तीन बोटांचा सूर धरला आणि डाव्या पायाने पेटीचा भाता दाबत उजव्या पायाच्या अंगठ्याने पट्ट्या शोधायला गेलो आणि खुर्चीवरून पडलो. वाद्याला काही झालं नाही. मला झालं, पण ते राहू दे.

शेवटी घरमालकीणबाईंना वर बोलावलं. त्यांना पेटीतलं काही कळत नाही, ते बरंच. मी फुंकत राहिलो आणि त्यांना एकेक पट्टी दाबायला लावली. काळी पाच दाबली आणि दोन सूर असे मिसळले, की मला वाटलं वाद्य वाजायचंच बंद झालं. बाईंनासुद्धा कळलं. म्हणाल्या की आता कसं, मघापासून दोन बदकं भांडत होती, आता एकच राहिलं. मी त्यांना पाठ फिरवायला लावून पुन्हा सगळं केलं. पुन्हा काळी पाच. 

मग मी काय केलं ते ऐक. धावत दुकानात गेलो, सुट्टी असूनही मालक तिथेच असतात, त्यांना सांगितलं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला सांगितलं. त्याने ओळख नसलेल्या अर्ध्या दाढीच्या माणसाला सांगितलं आणि त्यानेही माझं अभिनंदन केलं. आणि येताना बँडमास्तरांना दौऱ्याच्या पत्त्यावर कार्ड टाकलं की वाद्य आहे, पट्टी काळी पाच, स्वतः खात्री केली आहे. खाली सही केली.

आता परीक्षेचं भय वाटतं, पण ते चांगल्यातलं भय. मामांना पाटीवर मोठ्या अक्षरांत लिही, की वाजवून बघितलं!

लोभ वाढवायला हरकत नाही. आज मी मोजणार नाही.

तुझा,
चिमट्या


१७ फेब्रुवारी

चि. चिमट्या,
आशीर्वाद पुढच्या पत्रात भरघोस देईन. आज घाईत आहे. आधी हातातलं सगळं ठेव आणि पेटीपाशी जा.

जानेवारीत मी तुझ्याकडे आले होते, तेव्हा घसा बसला होता आठवतं? माझी नेहमीची काळी पाच झेपत नव्हती. बोटांना मात्र तीच सवय. म्हणून मी आईच्या पेटीची सरकती कळ फिरवून सगळ्या पट्ट्या एक घर खाली सरकवल्या होत्या. म्हणजे दाबायची काळी पाच आणि वाजायची पांढरी सहा. निघताना परत जागेवर आणल्या का? आठवत नाही रे. भावोजी म्हणतात की हिने आजवर बरणीचं झाकण जागेवर ठेवलेलं नाही, पेटीच्या पट्ट्या कुठून ठेवणार.

कळ बघ. आणि कळीवरही विसंबू नकोस, नानांकडे जा. दौऱ्यावर ते गेले नसतील, दात नाहीत तर. त्यांचा क्लॅरिनेट काळी पाचचा आहे हे नक्की. दोन्ही शेजारी ठेव. उंची डोळ्यांनाच कळेल.

माझ्यावर रागावू नकोस. रागावलास तरी पत्र लिही.

ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कळ फिरवलेलीच होती. जागेवर आणली आणि तीन बोटांचा सूर पुन्हा लावला. पांढरी सहा. मी रागावलेलो नाही. घड्याळ लावताना आधी भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे का बघावं, हे मालक मला रोज सांगतात. पेटीचं मला सुचलं नाही.

तरी एक वेडी आशा होती म्हणून नानांकडे गेलो. पाचावर धारण बसली होती. मागे एकदा मी त्यांना मामांचं नाव सांगितलं, तर त्यांनी तोंड फिरवून खिडकीबाहेर थुंकलं होतं. बॉक्सची मूठ ढिली झालीय, म्हणून मी वाद्य जोडून टॉवेलात गुंडाळून नेलं. दारातच बोललो की फक्त मोजायचंय, वाजवायचं नाही, मी लगेच जाईन.

त्यांनी आपलं वाद्य आणून टेबलावर ठेवलं. मी माझं शेजारी ठेवलं. माझं दोन बोटं लांब. लांब म्हणजे खालची पट्टी. संपलं. बाकी मात्र, ताई, जुळी भावंडं! तेच लाकूड, चाव्यांची तीच वळणं, आणि त्यांच्याही वाद्यावर कुणाचं नाव नाही. अंगठ्याच्या टेकूचा स्क्रू दोन्हींचा सारखाच कुणीतरी अडाण्यासारखा पिळलेला. त्या काळी अशीच करत असतील.

नानांनी दोन्ही वाद्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं की खोकं कुठे आहे. मी म्हणालो, घरी. मग विचारलं की तो कसा आहे. मी म्हणालो, बरे आहेत, ऐकू येत नाही. त्यावर ते उठून आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. मी रिकाम्या खोलीला नमस्कार करून निघालो. त्यांना राग आला असणार.

आता काय करू? बँडमास्तरांकडे माझ्या सहीचं कार्ड आहे की काळी पाच, खात्री केली आहे. छापखानेवाल्याच्या मुलाला खुर्ची मिळेल याचं दुःख आहे, पण खोटारडा ठरेन याचं जास्त. नाव मागे घेऊ का? एकदा फक्त मामांना विचार. त्यांनी सांगितलं तर घेईन.

लोभ होता तेवढा तरी राहू दे.

तुझा,
चिमट्या


२५ फेब्रुवारी

चि. चिमट्यास,
मागचे आणि आजचे मिळून दुप्पट आशीर्वाद.

तुझं पत्र मामांना वाचायला दिलं. वाचता वाचता ते हसायला लागले. अरे, मामा! हसू असं की आवाज नाही, नुसते खांदे. भावोजी घाबरून पाणी घेऊन आले. मग पाटी मागितली आणि लिहिलं, एक घर वर.

मी खूण केली की म्हणजे काय. तर वैतागून पाटीभर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. सार असं. तुझं वाद्य बँडच्या अर्धा सूर खाली आहे ना? मग कागदावर जो सूर लिहिलाय त्याच्या एक घर वरची बोटं लाव. वाद्य एक घर खाली ओढतं, तू एक घर वर चढ, म्हणजे सूर बँडमध्ये बरोबर जाऊन बसतो. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. कठीण आहे, सोपी गाणी चाव्यांच्या जंगलात जातात, पण होतं. त्यांनी स्वतः टेबलावर बोटं फिरवून दाखवली. काय फिरतात रे अजून!

आणि ठळक ताकीद आहे. गाणी एक घर वर करून कागदावर उतरवायची नाहीत, डोक्यातच चढवायची. तू उतरवणार हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे.

नाव मागे घ्यायचं का, असं मी विचारलं. त्यांनी पाटी उलटी ठेवली.

बाकी, जुळी भावंडं, अडाण्यासारखे पिळलेले स्क्रू, आणि तुझ्या बॉक्समधल्या आखूड रिकाम्या खाचा. तू रोज घड्याळांची पोटं उघडतोस ना रे? मग जरा विचार कर. मी सांगणार नाही, मला मजा येतेय.

परीक्षेच्या दिवशी पोटभर खाऊन जा. लोभाचं कुलूप उघडं ठेवलंय.

ताई


६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर शेवटच आधी लिहून टाकीन.

गाणी मी उतरवली होती. वर्गातली सगळी, एक घर वर, सुवाच्य अक्षरात, पट्टीने रेघा मारून. काल ती चोपडी छातीशी धरून बँडच्या हॉलवर गेलो. आधी सगळं खरं सांगायचं आणि मग वाजवायचं, असं ठरवलं होतं. पण बँडमास्तरांनी पहिलं नाव माझंच घेतलं आणि मी उभा राहिलो तेव्हा तोंडातून नुसती हवा निघाली. त्यांना वाटलं मी सुरू करतोय. त्यांनी स्टँडवर कागद ठेवला. ताई, तो वर्गातला नव्हता! बँडने चालताना वाजवायचं नवीन कूच होतं, दौऱ्यावरून आणलेलं, मी कधी न पाहिलेलं. चोपडी खुर्चीखाली गेली.

मामांची टेबलावरची बोटं मी पाहिली नाहीत, पण तू लिहिली होतीस ती डोळ्यांपुढे आणली. एक घर वर. एक घर वर. पहिली ओळ कशी गेली ते देव जाणे. दुसऱ्या ओळीत एका जागी पाय घसरला, पुन्हा चढलो. तिसऱ्या ओळीपासून मात्र काय झालं सांगू, मला जिने दिसेनासे झाले, मी वरच्या मजल्यावरच राहायला गेल्यासारखा चालू लागलो.

इतक्यात बँडमास्तरांनी हात वर केला. ते स्वतः क्लॅरिनेटवाले. म्हणाले की कानाला बरोबर येतंय, पण तुझी बोटं बघून मला चक्कर येतेय, कागदावर एक आणि बोटांत भलतंच, हा काय प्रकार आहे. आणि खिशातून माझं कार्ड काढलं. ते सहीवालं.

मग मी सगळं बोललो. पेटीची कळ, तुझा घसा, घरमालकीणबाई, दोन बोटांची लांबी, सगळं एका दमात. हॉलमध्ये हसण्याचा कल्लोळ झाला. छापखानेवाल्याचा मुलगा तर ढोलावर डोकं टेकून हसत होता. बँडमास्तर हसत नव्हते. ते म्हणाले की म्हणजे हे कधी न पाहिलेलं कूच तू पांढरी सहावर, जागच्या जागी चढवून वाजवलंस? मी म्हणालो, एका ठिकाणी चुकलो. कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं.

माझ्याआधी मागच्या रांगेतून नाना बोलले. कवळी काढून ठेवलेली, त्यामुळे अर्धे शब्द हवेतच गेले, पण सगळ्यांना कळलं. या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीवर एक माणूस वर्षानुवर्षं असाच वाजवायचा, म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून जोडीचे क्लॅरिनेट घेतले होते, एका मोडलेल्या वाद्यवृंदाकडून. बँडला दोन काळी पाच हवे होते आणि जोडीत एकच तसा. सोपा त्याने मला दिला आणि अवघड स्वतः घेतला. त्या वेळच्या बँडमास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही. मग एक दिवस न सांगता निघून गेला. खोकंही घेऊन गेला गाढव, माझं वाद्य इतकी वर्षं उशीच्या अभ्र्यात राहतंय. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून असं म्हटलं की जणू मीच नेलं होतं.

म्हणजे ते खिडकीबाहेर थुंकणं रागाचं होतं खरं, पण कुठल्या रागाचं ते मला आत्ता कळलं. आणि वेण्या ओढणारा कोण ते तुला.

बँडमास्तरांनी दोन्ही वाद्यं हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. मग निकाल दिला. खुर्ची याची. मात्र माझ्या बँडमध्ये कायमची ही कसरत चालणार नाही, काळी पाच आण. आता तो कुठून आणू? तेव्हा नाना म्हणाले की खोकं आण आधी.

मी घरी धावलो आणि बॉक्स ढिल्या मुठीसकट उचलून धावत आलो. नानांनी उघडला. मोजा बाहेर काढून दोन बोटांत धरला आणि म्हणाले की त्याचाच, तेव्हाही एक पाय उघडाच असायचा. मग आपल्या वाद्याचे तुकडे एकेक करून आखूड खाचांत ठेवले. ताई, मी घड्याळात चाक बसताना रोज बघतो, पण असं बसलेलं बघितलं नव्हतं. झाकण लावलं आणि बॉक्स हलवला. काही वाजलं नाही. नाना म्हणाले की खुर्चीबरोबर वाद्यही जातं, मला आता शिट्टीला कवळी आहे.

पण एक अट घातलीय. शेवटच्या रविवारी नानांच्या निरोपाचा कार्यक्रम आहे. त्या दिवशी ते काळी पाचवर शेवटचं वाजवणार, कवळीची शिट्टी आली तर आली. आणि मी शेजारी पांढरी सहावर, एक घर वर. मामांना बोलवायला सांगितलंय. मी म्हणालो की त्यांना ऐकू येत नाही. तर म्हणाले की न सांगता गेला तसा न सांगता येऊ दे, मी काही आमंत्रण लिहिणार नाही. म्हणून हे आमंत्रण मी लिहितोय. मामांना वेगळं कार्डही टाकलंय.

तू, भावोजी, सगळे या. पेटीला मात्र हात लावायचा नाही.

लोभ आता दोन खाचांत मावेल एवढा कर.

तुझा,
चिमट्या


११ मार्च

चि. चिमट्यास,
आशीर्वाद.

कार्ड मिळालं. येतो.

ऐकू येणार नाही, तेव्हा मागची जागा देऊ नकोस. दोघांची बोटं दिसतील अशी दे.

नाना दुसऱ्या पानावर घाई करतो. अजून करत असेल. त्याच्याकडे बघू नकोस, पायाने ताल धर. तो तुझ्या मागे येईल. चोपडी आणलीस तर उठून जाईन.

स्क्रू त्यानेच पिळले होते.

माझा मोजा धुऊन ठेव. जोडीतला दुसरा घालून येतोय.

मामा